मिठागराच्या शाळेची फेरतपासणी

"बाई, दोन वर्षं लागोपाठ 'ड' आहे. प्रस्ताव टाका आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

साहेब म्हणजे आमचे गटशिक्षणाधिकारी, तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी. काम एकच: एसटीने, रिक्षाने, नाहीतर पायी शाळा गाठायची, तपासायची आणि ग्रेड द्यायची. माझं माहेर निडीचं, पहिली नोकरी रोह्यात, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बदली पेणला. तोंडाने मी फटकळ. शिक्षक लांबूनच माझी छत्री ओळखून तक्ते सरळ करायचे, हे मला फार उशिरा कळलं.

तपासणीचा फॉर्म शंभर मार्कांचा होता. रजिस्टरं, तक्ते, इमारत, परसबाग, वेळेचं पालन, अशी लांबलचक यादी. वाचनाला त्यात दहा मार्क. 'अ' म्हणजे उत्तम आणि 'ड' म्हणजे काही खरं नाही. त्या वर्षी आमच्याकडे ठरलं होतं, की लहान शाळेला दोनदा 'ड' मिळाला तर ती बंद करायची आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. ऑफिसच्या भाषेत याला समायोजन म्हणतात. शब्द ऐकायला बरा वाटतो.

ही 'ड'वाली शाळा पेणच्या खाडीकाठी, मिठागरांना लागून होती. गावाचं नाव सांगत नाही. एक खोली, एक शिक्षक, एकवीस मुलं. मोठी शाळा बांधावरून तासाभराच्या वाटेवर. उधाणाच्या भरतीला त्या बांधावर पाणी यायचं. शाळा बंद झाली की लहान पोरं जाणार नाहीत आणि मुली कायमच्या घरी बसतील, हे मलाही दिसत होतं. पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मी प्रस्ताव टाईप करून घेतला, पिशवीत टाकला आणि तिथल्या नाईक गुरुजींना तोंडी कल्पना द्यायला गेले.

याही वेळी साडेदहाला पोचले तर शाळेला कुलूप! दीड तास पायरीवर बसले. बाराला गुरुजी आले, मागून पोरं.

"ही वेळ आहे का शाळेची?" मी सुरूच झाले.

"मॅडम, मिठाच्या हंगामात हीच वेळ हाय," गुरुजी शांतपणे म्हणाले. "सकाळी आईबाप मीठ ओढायला जातात, पोरं हाताशी लागतात. दुपारी ऊन चढलं की काम थांबतं. मग मी शाळा भरवतो. साडेदहाला भरवली तर भिंतींना शिकवावं लागेल."

"मग दोन वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कारणं देऊ नका."

म्हटलं असणारच मी. तसं मी सगळ्यांनाच म्हणायची. मी त्यांना शाळा बंद होणार असल्याचं सांगितलं. त्यांनी पोरांना आत बसवलं. मग म्हणाले, "ग्रेड काय द्यायची ती द्या. पण पोरं वाचतात का, ते एकदा त्यांच्या आयांसमोर बघा. मोठ्या शाळेची पोरं पण बोलवा. मग बंद करा."

पेणला परतून साहेबांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. "बाई, त्या बायकांना अक्षर येत नाही. त्या काय तपासणार?"

"साहेब, मला अक्षर येतं. मी आजवर तक्ते तपासले."

"तुम्ही ऐकणार नाही. जा, करा. पण सोमवारी प्रस्ताव माझ्या टेबलावर पाहिजे."

शनिवारी दुपारी त्या गावच्या देवळाच्या मंडपात बसलो. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक चौथीची सहा मुलं घेऊन आले होते. इस्त्रीचे कपडे, तेल लावून भांग. इकडची पोरं तशीच मिठागरातून आलेली. बायका पाय धुऊन खांबांना टेकून बसल्या. त्यांच्यात काशीबाय म्हणून एक होती. तिची मुलगी संगीता गुरुजींकडे चौथीत. काशीबायने बसल्या बसल्या मला विचारलं, "बाय, आमी करायचा काय?"

"मुलं वाचतील. तुम्ही ऐका आणि कसं वाटलं ते सांगा."

मोठ्या शाळेचा पहिला मुलगा उठला. पाठ्यपुस्तकातला धडा काढला आणि काय वाचला! स्वल्पविरामाला थांबला, प्रश्नाला आवाज उंचावला. या शाळेला 'अ' मीच दिला होता. याच मुलाच्या नावापुढे 'वाचन उत्तम' असं लिहिल्याचंही मला आठवत होतं. मी मोठ्या ऐटीत बायकांकडे पाहिलं.

काशीबाय म्हणाली, "पोर गोड बोलतंय. पन वाचत नाय."

"अहो, वाचतोय की! ऐकलंत ना?"

"कानाला वाचतंय. डोले बघा ना त्याचे. एका जागीच हायत. आमची पोरां वाचतात तवा आमी दारात बसून बघतो. डोला ह्या टोकाला जातो, मग परत येतो, मग खालची रेघ. आमची मीठ ओढायची फली कशी जाते नि येते? तसा. ह्याचा डोला हाललाच नाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "काहीतरीच!" मी उठले. पानाच्या मध्यावर एका शब्दावर बोट ठेवलं. "बाळा, हा शब्द वाच." त्याने नुसतं बोटाकडे पाहिलं. मग त्याने धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला, त्या शब्दापर्यंत पोचायला. दोन ओळींनंतर थांबला आणि रडायला लागला. त्याला जवळ घेतलं, पण मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या वर्गात मी दोनदा जाऊन आले होते, आणि एकदाही त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता असा मजकूर हवा होता, जो कुणाचा पाठ नसेल. मी तणतणत पिशवीत हात घातला, टाईप केलेला जो कागद हाती लागला तो संगीताला दिला. "वाच गो."

ती वाचायला लागली. "सदर शाळेची गुणवत्ता अस... असमा... असमाधान... असमाधानकारक असल्याने." घाम फुटला पोरीला, पण शब्द फोडून फोडून तिने तो पार केला. "सदर शाळा चालू शैक्षणिक वर्षाअखेर बंद करून..."

तेव्हा मला कळलं मी कुठला कागद दिला ते. "पुरे," म्हणेपर्यंत ती पुढच्या ओळीवर गेली होती. एकवीस विद्यार्थी, मोठ्या शाळेत समायोजन, सगळं वाचलं. मग स्वतःच थांबली आणि आईकडे बघायला लागली.

काशीबायने विचारलं, "बाय, शाला बंद करनार?"

"प्रस्ताव आहे."

"कोनी लिवला?"

"मी."

"का म्हनून?"

"मुलं शिकत नाहीत म्हणून." हे बोलताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "पोरीनं तर वाचला. मग तुमचा कागद खोटा, का माजी पोर खोटी?"

"कागद," मी म्हटलं.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर प्रस्ताव गेला नाही. रिपोर्ट गेला. दोन्ही शाळांची फेरतपासणी, बायकांनी सांगितलेले शेरे जसेच्या तसे, आणि खाली काशीबायचा अंगठा. साहेब बघतच राहिले. "अंगठ्यावर शाळेची ग्रेड ठरवायची?"

"सहीवर ठरवून बघितली ना, साहेब. सही माझीच होती."

साहेब चिडले, पण माणूस सरळ होता. शाळा वाचली. हंगामात दुपारी भरवायची लेखी परवानगी मिळाली. मोठ्या शाळेचा 'अ' गेला. त्या मुलाबरोबर मी पुढचे सगळे शनिवार बसले. वर्षाअखेरीस तो अडखळत का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लागला.

मला मात्र मेमो आला. आधीच्या चुकीच्या ग्रेडबद्दल खुलासा करा. मी खुलासा द्यायला उभी राहिले, तर वरचे अधिकारी म्हणाले, "कारणं देऊ नका." त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात, म्हणजे आमच्या प्रगतिपुस्तकात, 'सर्वसाधारण' असा शेरा पडला. माझं काम बघायला मात्र वर्षभरात कुणीही आलेलं नव्हतं.

नाईक गुरुजींनी हे दोन वर्षं सोसलं आणि रोज बाराला शाळा उघडली. मला एकाच वर्षात रडू आलं.