रुमालाची उंची

नगरपालिकेच्या तक्रार खिडकीत बावीस वर्षं काढलेल्या बाईंना विनोदाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागलं नाही. "आपल्या घरासमोरील खड्डा आमच्या नोंदीत नाही, सबब तो बुजवता येत नाही," अशी उत्तरं साहेबांच्या सहीनं पाठवता पाठवता हात बसला. पुढे त्या रेडिओसाठी प्रहसनं लिहू लागल्या. पन्नाशीला आल्या तेव्हा एका कार्यक्रमात नटाचा घसा बसला म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या, आणि खाली बसायचं राहूनच गेलं. आता दर रविवारी संध्याकाळी पाचला, कापडबाजारामागच्या दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये 'तक्रारबाई' तासभर एकट्या बोलत. हातात माईक, खांद्याला ऑफिसातलीच जुनी पर्स.

यजमान वजनमापे निरीक्षक. जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेला. त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा अर्ज केल्याशिवाय हलत नसे. विनोद त्यांना कळत नसे असं नाही; कळे, आणि तिथंच संपे. बाईंनी नवा किस्सा ऐकवला, की ते विचार करून म्हणत, "बरोबर आहे."

चौपन्नाव्या वर्षी बाईंचे कान जाऊ लागले. आधी दारावरची घंटा मोघम झाली, मग भांडकुदळ शेजारीण एकाएकी मवाळ बोलू लागली, आणि शेवटी हॉलमधलं हसू गेलं. कानातलं यंत्र घरात बरं चाले. पण माईकजवळ शिट्टी मारी, आणि दीडशे माणसांचं हसू पत्रा फरफटत नेल्यासारखं ऐकवी. ते काढूनच स्टेजवर जावं लागे. आता या धंद्यात निम्मं काम गप्प राहण्याचं. लोक हसतायत तोवर थांबायचं, हसू ओसरू लागलं की पुढचं वाक्य सोडायचं. ते ओसरणंच कळेना. लोक हसत असतानाच बाई पुढचं बोलत सुटल्या.

हॉलच्या मॅनेजरनं त्यांना पडद्यामागे गाठलं. "बाई, हल्ली फार घाई होते तुमची. लोक एका गमतीवर हसतायत तोवर तुम्ही तिसरीवर. पुढच्या रविवारी मी मागे उभा राहून बघतो. नाहीच जमलं, तर रविवार जादूगाराला देऊ."

"त्याचं कबूतर थांबतं वाटतं हशाला?"

"कबूतर बोलतच नाही, बाई."

कानांचं त्यांनी सांगितलं नाही. लोक कीव म्हणून हसणार असतील तर तक्रार खिडकी काय वाईट होती? तिथं निदान कुणी खोटं वागत नसे.

घरी हे ऐकून निरीक्षकांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि खिशातून पांढरा रुमाल काढला. "मी पहिल्या रांगेत बसतो. रुमाल गुडघ्यावर म्हणजे नुसतं स्मित. छातीशी म्हणजे हसतायत, थांब. खांद्याशी म्हणजे चांगलंच हसतायत. उतरायला लागला की बोल."

"आणि कुणी हसलंच नाही तर?"

"रुमाल खिशात."

"थोडं माझ्या बाजूनं मापाल ना?"

निरीक्षकांना आजवर अनेकांनी लाच देऊ केली होती. घरातून मात्र ही पहिलीच वेळ. त्यांनी रुमालाची घडी घातली.

आठवडाभर रेडिओवरचे हास्याचे कार्यक्रम लावून सराव झाला. रुमाल छातीच्या वर जाईना. "अहो, शेजारीण सांगत होती, टाळ्या पडल्या तिथं," बाई कुरकुरल्या.

"टाळ्यांचं ठरलं नव्हतं."

रविवार आला. मॅनेजर मागच्या दाराला टेकून उभा. बाईंच्या डोळ्यांवर दिवे, दिसत होती ती फक्त पहिली रांग. रुमाल चढला की त्या थांबत, उतरला की बोलत. गाडी रुळावर आली. मग त्यांनी घरी न ऐकवलेला किस्सा काढला.

"आमची मुलगी झाली. नर्सनं बाळ यांच्या हातात दिलं, म्हणाली, 'अभिनंदन, तीन किलो दोनशे.' मला वाटलं, आता तरी डोळे भरून येतील. हे म्हणाले, 'काट्याची पडताळणी कधी झालीय?'"

बाईंनी रुमाल शोधला. गुडघ्यावर नव्हता, छातीशी नव्हता, खांद्याशीही नव्हता. तो निरीक्षकांच्या तोंडावर दाबलेला होता, आणि खांदे गदगदा हलत होते. असं माप ठरलेलंच नव्हतं. दुखावले की काय? एकतीस वर्षांच्या संसारात हे खांदे असे हललेले बाईंनी पाहिले नव्हते. हॉल हसतोय की चिडीचूप आहे, तेही कळायला मार्ग नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. पर्स सावरली. पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. शेवटी माईकमध्येच विचारलं, "अहो, हे कुठल्या मापात धरू?"

रुमाल तोंडावरून निघाला, थेट डोक्याच्या वर गेला आणि तिथंच राहिला.

बाईंनी आत येऊन यंत्र कानात बसवलं, तोवर मॅनेजर घाम पुसत पडद्यामागे आला. "काय थांबलात, बाई. लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. रविवार तुमचाच. हे एवढं थांबायचं जमतं कसं?"

"मला ऐकू येत नाही हो," बाईंनी सांगून टाकलं.

मॅनेजर पुन्हा हसत सुटला.

घरी जाताना निरीक्षक बाईंच्या यंत्राच्या बाजूनं चालत होते.

"हसलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हं." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "चाळीस ग्रॅमचा फरक होता त्या काट्यात. दुसऱ्या दिवशी वजनं नेऊन बघितलं होतं."

"म्हणजे पोरगी भरली किती?"

"तीन किलो एकशे साठ."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना तीन दोनशे सांगत होतीस," निरीक्षक म्हणाले. "आनंदात होतीस."