अक्का आणि फौजदाराचे दाखले

विनोदने दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. तो म्हणाला, "आई, अक्काला आता शांत झोप लागलीय." मी ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कधी गेल्या?" तो म्हणाला, "आत्ताच." माणूस सरळ बोलायचं सोडून दुसऱ्याच गोष्टीचं नाव घ्यायला लागला, की खाली काय झाकलंय ते बघायचं, हे मला अक्कांनीच शिकवलं होतं. त्यांच्या जाण्याची बातमीही मला त्यांच्याच रीतीने कळली…

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी ओझरला विमानांच्या कारखान्यात होते, आम्ही चांदवडकडे शेतात. आमच्या वस्तीजवळ चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून माझा विनोद पाचवीपासून अक्कांकडे राहिला. त्यांना मूल नव्हतं. सुट्टीत तो घरी यायचा, पण आठवडा झाला नाही तोच "अक्काकडे कधी जायचं?" सुरू व्हायचं. पुढे भावजी वारले, विनोदने नाशकात घर घेतलं आणि आम्ही दोघी जावा म्हातारपणी एका घरात आलो. मुलगा नि सून कामावर गेले की दिवसभर आम्ही दोघीच. मी मुळातच कमी बोलणारी, त्यात थोरल्या जावेसमोर… पहिले काही महिने आमचं बोलणं मीठ आहे का, दूध आलं का, एवढंच होतं.

मला बोलकं केलं ते टीव्हीवरच्या एका फौजदाराने. खुनाचा तपास करणारी ती मालिका, तिचे जुने भाग दुपारी परत दाखवायचे. अक्कांचा नियम असा की जाहिरात लागली की आवाज बंद करायचा. मग माझ्याकडे वळून विचारायचं, "हं मंदा, आज कशाचा दाखला लावलाय?" दाखला म्हणजे एक गोष्ट समजावायला दुसरीचं नाव घ्यायचं, तो. मी आपली खुनी कोण याच्याच मागे असायचे. अक्का म्हणायच्या, "खुनी काय, शेवटी घावतोच. समदे बोलणं कशाचं करून राहिले ते बघ." जिचा अंदाज चुकेल तिने चहा करायचा.

एका भागात मोठ्या घरातली सून मारली गेली होती. फौजदार दारातच म्हणाला, "हे घर म्हणजे झाकलेली विहीर आहे." मी ते ऐकून सोडून दिलं. पुढे सासू म्हणाली, आमच्यावर दुःखाचा पूर आला. नवरा म्हणाला, मी बुडालो. शेजारीण म्हणाली, त्या माणसांचा थांग लागत नाही. अक्कांनी आवाज बंद केला. "बघ, समदे पाण्याचं बोलतात. या घरात वरून कोणालाच तळ दिसत नाय, हे सांगायचंय त्यांना."

"मग मारलं कोणी?"

"दिराकडं बघ. बाकीचे वरच्या पाण्याचं बोलतात, हा एकटा गाळाचं बोलला. गाळ कोणाला माहीत? जो खाली उतरला त्याला."

दीरच निघाला. नेहमीच असं व्हायचं नाही. एकदा पिंजऱ्यातल्या पोपटावरून त्यांनी एका गरीब स्वयंपाकिणीला पार फासावर चढवलं आणि खुनी निघाला वकील. "त्याचं नाक पोपटासारखं होतं की," असं पुटपुटत चहा टाकायला गेल्या. मला हसताना पाहून म्हणाल्या, "हस हस. दात हायेत तवर हस."

एक भाग मात्र आम्ही वेगळाच पाहिला. त्यात द्राक्षबागेचा म्हातारा मालक मेला होता आणि पुतणे त्याच्या दत्तक मुलावर उठले होते. म्हणायचे, हे बाहेरून आणलेलं कलम, ते ज्याच्यावर बांधलं तो मुळाचा खुंट आमच्या घराण्याचा. जाहिरात लागली. अक्कांनी आवाज बंद केला, पण मला काही विचारलं नाही. दोघी नुसत्या पडद्याकडे बघत बसलो. कोणाचं कलम, कोणाचा खुंट, ते आम्हा दोघींना कळलं होतं. शेवटी मीच म्हणाले, "अक्का, खुंटाने पाणी दिलं नसतं तर कलम वाळून गेलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठल्या. "आज कोणी हरलं नाय," म्हणाल्या, "तरी चहा मी करते."

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विनोदला बाजूला घेऊन सांगितलं, विनोदने आम्हाला बजावलं, "अक्काला कळता कामा नये. ती खचेल." तिथून घरातलं बोलणंच बदललं. विनोद म्हणायचा, जरा इंजिन गरम झालंय, सर्व्हिसिंग करून घेऊ. सून म्हणायची, अक्का, बॅटरी चार्ज करायला जायचंय ना? मी खाली मान घालून भाजी निवडायचे. एका दुपारी जाहिरात लागली, आवाज बंद झाला. अक्का पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मंदा, या घरात समदे गाडीचं बोलून राहिले. गाडी भंगारात काढायची हाय का?"

विनोद त्यांनी वाढवलेला. त्यांच्यावरच्या मायेपोटीच त्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. पण ज्यांनी मला बोलायला लावलं त्यांनाच गप बसून फसवायचं, हे मला जमेना. मी म्हणाले, "अक्का, कॅन्सर आहे. पसरलाय. ऑपरेशन होणार नाही म्हणालेत."

"हं," एवढंच म्हणाल्या. मालिका पुन्हा सुरू झाली, पण आवाज चालू करायचं दोघींनाही सुचलं नाही. तो भाग आम्ही मुकाच पाहिला.

संध्याकाळी विनोद माझ्यावर चिडला. "आई, तू का सांगितलंस?" आतून अक्कांचा आवाज आला, "तिच्यावर नको ओरडू. ती सरळ बोलली. तू घरात गॅरेज उघडलं होतंस." विनोद हसला, आणि हसता हसताच आत जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्यानंतर घरात कोणी आडून बोललं नाही. काय खावंसं वाटतं, कुठे दुखतं, कोणाला भेटायचंय, सगळं उघड. अक्कांनी एक मात्र बजावून ठेवलं होतं, "माझ्या दहाव्याला कोणी वडाचं झाड कोसळलं म्हणलं, तर उठून येईन मी."

गोदावरीच्या काठावर दहाव्याला एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला वटवृक्ष कोसळला. विनोदने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला. बायका पाठीवरून हात फिरवू लागल्या, रडू नको म्हणाल्या…

परवा विनोद सुट्टीवर होता. दुपारी अक्कांच्या वेताच्या खुर्चीत बसला. जाहिरात लागली. रिमोटवर आवाज बंद करायच्या बटणाची खूण अक्कांच्या अंगठ्याने पार पुसून गेलीय, तरी त्याने न बघता तेच दाबलं.

"आई, आज कशाचा दाखला?"

माझं लक्षच नव्हतं. मी त्या खुर्चीकडे बघत होते. म्हणाले, "आज कशाचाच नाही. अक्का नाहीत, एवढंच."

तो उठला आणि चहा टाकायला गेला. ओट्यावर आलं ठेचल्याचा आवाज आला… अक्का ठेचायच्या तसाच, सालासकट.