क्लिफची बायको

अट्रॅक्टा गिलवारीने लीड्समधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात बटाटे सोलले, पण मन मात्र मेयोतल्या आपल्या आयरिश गावातच ठेवलं. नवरा क्लिफ लीड्सचाच, बस चालवणारा. दर रविवारी जेवताना ती म्हणायची, "रिटायर झालो की घरी जायचं." घरी म्हणजे समुद्रापलीकडे, हे त्याला ठाऊक होतं. "त्या पावसात मी करू काय?" एवढंच तो विचारायचा.

शेवटी एका उन्हाळ्यात दोघं गेली. आईबापाचं घर भावाने कधीच विकलं होतं, म्हणून गावाबाहेर एक लहानसं घर भाड्याने घेतलं. थंडीपर्यंत राहून बघायचं, जमलं तर कायमचं, असं ठरलं.

आल्याआल्याच शेजारच्या पॅकी लावेलचा ट्रॅक्टर चिखलात रुतला. क्लिफने कोट काढला, चाकाखाली फळ्या सरकवल्या आणि तो बाहेर काढून दिला. झालं. तेव्हापासून मेंढ्या हाकायला क्लिफ, पबमध्ये क्लिफ, दलदलीत टर्फची, म्हणजे जळणाच्या मातीची, ढेकळं वाळत घालायला क्लिफ. संध्याकाळी तो लालबुंद होऊन यायचा आणि कुणाच्या आजोबांनी कुणाची गाय पळवली होती, ते तिलाच सांगायचा.

"मला माहीत आहे," ती म्हणायची. तिला माहीत नसायचं.

एकदा दुकानातली नवी सून पाव बांधताना म्हणाली, "तुम्ही क्लिफच्या मिसेस ना? इंग्लंडची आठवण येत असेल."

"मी इथलीच आहे."

"हो का? बोलण्यावरून वाटत नाही."

लीड्समध्ये बायका तिच्या याच बोलण्याच्या नकला करायच्या. अट्रॅक्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकी क्लिफला दलदलीत न्यायला आला तेव्हा तो मागच्या बाजूला दाढी करत होता. ती दार अडवून म्हणाली, "तो नाही येणार. पाठ धरलीय त्याची."

"काल तर ठणठणीत होता."

"रात्रीत धरली."

"मग तू चल. वाकायला विसरली नसशील तर."

ती गेली. ओली ढेकळं एकमेकांना टेकवून उभी करताना तिची कंबर मोडायला आली. पॅकी बघून हसला. "ही रास वारा आला की झोपणार. तुझी आई असती तर तुला घरी हाकललं असतं."

"तुला आई आठवते? मग इतके दिवस माझ्याशी बोलला नाहीस ते?"

"काय बोलू, बाई? बाहेर गेलेली माणसं येतात, सगळं बदललं म्हणून रडतात आणि परत जातात. तूही पहिल्याच दिवशी रडलीस. क्लिफ विचारतो, हे कसं करायचं, ते कसं करायचं. माणसाला सांगायला बरं वाटतं."

तिने पुढचं ढेकूळ उचलून राशीला टेकवलं. क्लिफचं कौतुक ऐकून तिचं पोट आणखीच दुखलं.

घरी आली तर टेबलावर दोन केक, मालिशच्या तेलाची बाटली आणि अजून गरम असलेला पाव. पॅकीच्या बायकोने पाठीची बातमी गावभर केली होती. क्लिफ पाठीशी उशी घेऊन अवघडून बसला होता.

"मला आधी सांगायचंस तरी," तो म्हणाला. "तीनदा कण्हून दाखवलं मी."

"खरं का नाही सांगितलंस?"

"तुला खोटी पाडू?"

हे तर तिला मुळीच सहन होईना. "माझं गाव आहे हे, क्लिफ. तू ओढून घेतलंस माझ्याकडून."

त्याने पाठीमागची उशी काढून बाजूला ठेवली. "जायचं का परत लीड्सला?"

"म्हणजे सगळे म्हणणार, क्लिफला हिने नेलं."

तिने केकचा मोठा तुकडा कापला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. तो चांगला झाला होता, याचाही तिला राग आला.

ती दोघं तिथेच राहिली. पुढच्या वर्षीपासून अट्रॅक्टाही दलदलीत जाऊ लागली, आणि हळूहळू तिच्या राशी उभ्या राहू लागल्या. पण पॅकीने क्लिफच्या राशीचं कौतुक केलं, की त्या संध्याकाळी ती नवऱ्याशी बोलायची नाही.