पाचव्या दिवसाचा पिचर

बहीण अमेरिकेला गेली आणि अप्पांना बेसबॉलचं वेड लागलं. कुंभकोणमच्या आमच्या घरात सकाळच्या कॉफीबरोबर मॅच सुरू व्हायची. अप्पांचा लाडका एकच, वर्षानुवर्षं सामने जिंकून देणारा एक उंच पिचर. चेंडू टाकायची त्याची पाळी दर पाचव्या दिवशी यायची. त्या दिवशी आमचं पितळी भांड्यांचं दुकान हमखास उशिरा उघडायचं. तिरुविडैमरुदूरहून बसने आलेली गिऱ्हाइकं पायरीवर ताटकळायची आणि मी चिडायचो.

पिचर दमला की कोच मैदानात यायचा. हा मुकाट्याने त्याच्या हातात चेंडू ठेवून निघायचा आणि सगळे प्रेक्षक उभे राहायचे. "चांगला खेळतोय, मग काढता कशाला त्याला?" अप्पा टीव्हीवर ओरडायचे. आता दुकान माझ्यावर सोडा म्हटलं, की माझ्यावरही तसेच ओरडायचे.

गेल्या वर्षी तो पिचर निवृत्त झाला. त्या सकाळी अप्पांनी दुकानाचं कुलूप काढलं, किल्ल्यांचा जुडगा माझ्या तळहातावर ठेवला आणि घराकडे चालू लागले.

गल्ल्यावर बसायची मला इतकी वर्षं कोण घाई होती! पण अप्पा कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत मी उभाच राहिलो.