काकवीची साखर

नंदुरबारच्या फलाटावर सकाळची पॅसेंजर उभी होती आणि माझी माय खिडकीच्या गजांतून चिनीमातीची एक बरणी आत सारायच्या खटपटीत होती. बरणी काही गजांतून जाईना. "अगं, दरवाजातून दे," असं बाबा तिसऱ्यांदा सांगत होते आणि ती ऐकेल तर शपथ. शेवटी माझा नवरा खाली उतरला, बरणी घेऊन आला आणि तिला पाय फुटतील अशा बेताने माझ्या मांडीवर ठेवून बसला. लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बाबा म्हणाले, "ओल्या हाताने लाइटीचं बटण दाबू नको." मायने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तठे गूळ भेटस का नई, कोन जाने." गाडी हलली तेव्हा ती रडत होती की बरणीकडे बघत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

मंगल, तू माझी धाकटी बहीण, तुला गावातच दिली, तू हे सगळं पाहिलंस. परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, भाऊजी आता रिटायर झाले, तुमच्या मागे लेकरंबाळं नाहीत, तिथे सूरतला काय ठेवलंय? या घरी." मी "बघू" म्हणून फोन ठेवला, तुला राग आला असेल. तोंडाने सांगायला गेले की माझं रडू आधी येतं, म्हणून लिहिते. इकडे आलेल्या आपल्या खानदेशातल्या बायकांनीही वाचलं तर वाचू दे, त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

सूरतला गूळ मिळत नाही म्हणे! अगं, पांडेसऱ्याच्या बाजारात गुळाच्या ढेपांच्या रांगा लागलेल्या असायच्या, आपल्याकडच्यापेक्षा पिवळ्याधमक. पण हे मायला कळवायची माझी हिंमत झाली नाही. तिने गावच्या गुऱ्हाळातून, रसाचा गूळ होण्याआधी कढईतून काढलेली काकवी भरून दिली होती. मधासारखी दाट, धुराचा वास असलेली. मी ती जपून जपून खायची, भाकरीवर एक थेंब, तोही नखाएवढा.

त्या पहिल्या वर्षांकडे बघते ना, तर सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलतं. दहा बाय दहाची खोली. भिंतीपलीकडे पॉवरलूमची खटखट, ती इतकी सवयीची झाली की रविवारी माग बंद असले की कानात काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. हे डाईंग मिलमध्ये रंगखात्यात. संध्याकाळी घरी आले की आधी मी हात बघायची. कधी मनगटापर्यंत गुलाबी, कधी मोरपंखी. मागच्या नाल्याचं पाणीही त्याच रंगाचं वाहायचं, आणि दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की त्या पाण्याची झाक आमच्या छतावर थरथरायची. मी चटईवर पडून ती बघत बसायची. छतावर जांभळी नदी चालली आहे आणि मी तिच्या तळाशी निजले आहे असं वाटायचं. मूर्खपणाच, पण फार सुंदर दिसायचं ते.

आणि अशाच एका दुपारी मी ती बरणी फळीवर ठेवली, खाली रेशनच्या साखरेचा डबा उघडा, आणि झोपून गेले. उन्हाने काकवी पातळ झाली. तोंडावरचा फडक्याचा दादरा सैल बांधलेला, बरणी कलती. उठून बघते तर काळी धार साखरेत पडतेय. मी कपाळावर हात मारला. अर्धी बरणी गेली! माहेर वाहून गेल्यासारखी मी तिथेच फतकल मारून रडले. आता फेकायचं कसं? साखर परातीत ओतली, काकवी त्यात, आणि बोटांनी चोळायला लागले. आधी गोळे झाले. मग चोळता चोळता गोळे फुटले, दाणा न् दाणा तांबूस झाला, आणि परातीत तापीच्या काठची ओली रेती पसरल्यागत दिसायला लागलं. चिमूट तोंडात टाकली. अगं, धुराचा वास तसाच होता! साखर चवीला गावची झाली होती.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. एक वाटी साखरेला एक चमचा काकवी, ऊन असेल तर थोडी कमी, आणि हात कोरडे हवेत. चमच्याने होत नाही, बोटंच लागतात. एक बरणी मग वर्षभर पुरायला लागली. शेजारच्या कांताबेन चहात घालून प्यायल्या आणि म्हणाल्या, "बहु सरस!" दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी माहेरी जायची, रिकामी बरणी आणि पिशवीभर तांबडी साखर घेऊन. माय ओट्यावर बसून ती साखर मिटक्या मारत खायची, सगळ्या आळीला चाखवायची आणि निघताना बरणी गळ्यापर्यंत भरून द्यायची. तू तर चोरून खायचीस, मला माहीत आहे.

पण माय माझ्या घरी कधी आली नाही. आपल्यात लेकीला मूल होत नाही तोवर आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही. बायका विचारायच्या, जात का नाही पोरीकडे? ती हसून म्हणायची, नातवंड होऊ द्या, मग महिनाभर तिथेच राहीन. पहिल्या वर्षी मला ते ऐकून लाज वाटायची. तिसऱ्या वर्षी टोचायचं. पाचव्या वर्षी ती हे बोलायची थांबली, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. मला मूल हवं होतंच गं, पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला एवढंच हवं होतं की मायने एकदा माझ्या हातचं माझ्या घरात खावं. मूल झालं नाही तर ते कधीच होणार नव्हतं.

सहाव्या वर्षी आखाजीच्या तोंडावर मला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. ह्यांनी गावी निरोप धाडला. चौथ्या दिवशी दारात माय उभी! एका हातात काकवीची बरणी, दुसऱ्यात फडक्यात बांधलेल्या दशम्या, आणि काखेत पाण्याची कळशी. हो, पाणी घेऊन आली होती पॅसेंजरमधून, सांडत सांडत.

आल्या आल्या तिने पदर खोचला. मला उसाचा रस आणून पाजला, घर झाडलं, ह्यांचे रंगाचे कपडे घासले, आमच्या दोघांचा स्वयंपाक केला. आणि आम्हाला वाढून झालं की उंबऱ्याबाहेर बसून दुधात मळलेल्या तिच्या दशम्या, तिच्या कळशीतल्या पाण्याचे घोट. मी पडल्या पडल्या बघायची. ताप होता, छतावरून नाल्याचा रंग वाहत होता, आणि मला वाटायचं ती दुसऱ्या काठावर बसली आहे, हाक मारली तर ऐकू जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी कळशी संपली. मी म्हटलं, "माय, इथल्या नळाला तापीचंच पाणी येतं. आपल्या गावावरून वाहत आलेलं. ते पी." तिने रिकामी कळशी पालथी घातली. मग म्हणाली, "तापीनं शे, पन माठ तुना शे ना!" आणि गेली की कांताबेनच्या दारात. कांताबेन म्हणाल्या, "मासी, पाणी पीओ," आणि माय घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली. तिची अहिराणी, त्यांची गुजराती, दोघींचं छान जुळलं, हसण्याचे आवाज येत होते. मला त्या हसण्याचा इतका राग आला म्हणून सांगू! परक्या बाईचं चालतं, पोटच्या पोरीचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी फडकं सोडलं तर दशम्या बुरसलेल्या. सूरतची ती दमट हवा, टिकणार कशा? मायने त्या गाईला घातल्या आणि म्हणाली, दुपारच्या गाडीने निघते, घरी जाऊन खाईन. सणाच्या दिवशी उपाशी. मी उठून बसले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण परात ओढली, डब्यातली साखर ओतली, तिने आणलेली बरणी उघडली. "निदान जाण्याआधी वर्षाची साखर तरी करून दे, माझ्या बोटांत जोर नाही," म्हटलं. काम म्हटल्यावर ती थोडीच बसून राहणार!

दोघी समोरासमोर बसलो. एका परातीत चार हात. ती चोळत होती, मी चोळत होते. तिची बोटं माझ्या बोटांना लागायची. पांढरं हळूहळू नाहीसं झालं. पत्र्याच्या फटीतून ऊन परातीत उतरलं होतं आणि तिच्या हातावरचं गोंदण साखरेत बुडून वर येत होतं. मला वाटलं हे असंच चालू राहावं, गाडी चुकावी, गाड्याच बंद पडाव्यात.

साखर झाली. मी तिच्यापुढे परात सरकवली.

"यामां मनं कितलं नि तुनं कितलं?" मी माझा साखरेचा डबा आणि तिची बरणी दाखवत म्हटलं. "निवड आते. तुनं तू खाय, मनं ठेव."

"तू येडी शे," ती म्हणाली.

पण मंगल, तिने खरंच निवडलं गं. चिमूट घेऊन तळहातावर पसरली. उजेडाकडे धरली. एकेक दाणा नखाने बाजूला करत राहिली, तांदूळ निवडायची तशी, गंभीर चेहऱ्याने. मला वाटलं आता हात झटकून उठेल. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग तिने तळहात तोंडाशी नेला आणि सगळी साखर खाल्ली. माझ्या खोलीत, माझ्या पाटावर बसून.

मी बघत राहिले. एवढ्यावर माझं भागलं असतं. काकवी तिचीच होती, मनाची समजूत घालायला तिला तेवढं पुरे होतं, आणि मीही वाद घातला नसता. पण गोड खाल्लं की तहान लागते. तिने ओठ पुसले, माझ्या माठाकडे बघितलं. माठ माझा, पाणी मी भरलेलं, त्यात तिचं काहीच नव्हतं.

"पानी दे व, माय," ती म्हणाली, मलाच माय म्हणत.

माझे हात चिकट होते, ते धुवायचं भान राहिलं नाही. तांब्याला तांबडी साखर लागली तशीच दिली. ती प्यायली. अजून मागितलं, अजून प्यायली. मग त्याच साखरेच्या दशम्या केल्या आणि आम्ही दोघी पोटभर जेवलो. कांताबेन दारातून डोकावल्या तर माय त्यांना म्हणाली, तुम्ही पण बसा. जसं काही घर तिचंच होतं.

मूल मला पुढेही झालं नाही, ते तुला माहीतच आहे. माय मात्र त्यानंतर दरवर्षी आली, बाबा गेल्यावर तर दोन-दोन महिने राहिली. गावात कोणी बोललं असेल तिला, तिने मला कधी कळू दिलं नाही. आता तिलाही जाऊन किती वर्षं झाली. गुऱ्हाळ बंद झालं, काकवी आता मी बाजारातून आणते. नाला झाकला, छतावर आता पंखा फिरतो, रंगीत पाणी नाही. दुकानात 'ब्राऊन शुगर' लिहिलेली पाकिटं मिळतात. वरच्या मजल्यावरच्या पोरीने केकसाठी आणलेली मी चाखून बघितली. बरी होती, पण बोटं लागलेली नव्हती. तिला मी आपली रीत शिकवली तर म्हणते, "मासी, इतकं सोपं?" हो बाई, सोपंच आहे.

आखाजीला आपला भाऊ गावी पितरांची घागर भरतो, मायच्या नावानेही भरतो. तो त्याचा मान, मी त्यात हात घालत नाही. मी इथे माझ्या माठातलं पाणी तांब्यात घेते, शेजारी वाटीभर तांबडी साखर ठेवते आणि न धुतलेल्या हाताने तो तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवते.

तर मंगल, घरी ये म्हणतेस, रागावू नको. येईन, चार दिवस राहीन, तुझ्या हातचं खाईन. पण परत इथेच येईन. मायने पाणी मागितलं ते घर हेच आहे.