शनिवारी आलेली ताई

कॉलेजच्या डान्स ग्रुपमध्ये पार्टनरला उचलायचं कसं, हे शिकवायला ती एकाच शनिवारी आलेली. आमच्याच कॉलेजची माजी विद्यार्थिनी, टिटवाळ्याची. नाव विचारायचं राहून गेलं. सगळे ताईच म्हणत होते. आल्या आल्या तिने ओढणी कमरेला बांधली आणि मला हातातलं कडं काढायला लावलं.

आदल्या आठवड्यात माझी पार्टनर माझ्या हातून निसटलेली. तेव्हापासून मी तिला इतकं घट्ट धरायचो की तिच्या मनगटावर बोटं उमटायची. ताईने ते मनगट पाहिलं, पण रागावली नाही. माझ्याकडे पाठ करून वाकली आणि म्हणाली, "ये, पाठीवर."

ती जेमतेम माझ्या खांद्याला लागत होती.

"ताई, झेपणार नाही तुला."

"ते मी बघते. तू फक्त श्वास घे. त्याच श्वासावर मी उठते."

पाय जमिनीवरून सुटले, तसा मी घाबरून तिचा खांदा आवळला.

"तुझ्या पार्टनरला रोज असंच वाटतं," ती खालून म्हणाली.

यंदा ज्युनियर्सना मी शिकवतो. पहिल्या दिवशी सगळ्यात धिप्पाड मुलाला सगळ्यात बारीक मुलीच्या पाठीवर जायला सांगतो. तो हसतो. मग त्याचे पाय सुटतात आणि हसणं थांबतं. तिथून पुढे शिकवणं सोपं जातं.