मळकं होतं म्हणून

शाळेतल्या लोकांना कलेचं वावडं असतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना कला फार आवडते. फक्त ती दारावर टांगता यायला हवी, टेबलावर अंथरता यायला हवी, नाहीतर पाहुण्याच्या अंगावर घालता यायला हवी. नागपुरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं चित्रकला शिकवते आहे, आणि या आवडीची मला आता किळस येते.

काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या हातात ब्रशऐवजी सूत द्यायला सुरुवात केली. जुन्या खिडकीच्या चौकटी आणायच्या, वरखाली बारीक खिळे ठोकायचे, उभे धागे ताणायचे आणि मग आडव्या धाग्यांनी जे म्हणायचं ते म्हणायचं. रंग हे जसं माध्यम, तसंच सूत हेही एक माध्यम, एवढं साधं माझं म्हणणं होतं. मुलांना ते चटकन कळलं. मोठ्यांचा प्रश्न मात्र कायम एकच असे, "पण मॅडम, याचं बनणार काय?" पिशवी बनणार, पायपुसणं बनणार, की मोबाइलचं कव्हर? निसर्गचित्राला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला मी ऐकला नाही. त्याने नुसतं भिंतीवर बसून राहिलं तरी चालतं. सूत म्हणजे घरची सून. रिकामं बसलेलं दिसलं की लोकांच्या पोटात दुखतं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून समजावलंही. "मॅडम, हे कार्यानुभवात टाका ना. तिथे मार्क पण देता येतात. चित्रकलेत कशाला घोळ करून राहिल्या?" कार्यानुभव शिकवणाऱ्या बाई माझ्याहून मोठ्या, मायाळू, माझ्या डब्यातली भाजी हक्काने घेणाऱ्या आणि स्वतःच्या डब्यातली दुप्पट वाढणाऱ्या. लोकरीची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, मण्यांचे गणपती यांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्या म्हणाल्या, "दे ना माह्याकडे. मी मस्त फिनिशिंग करून देते." मी दिलं नाही. माझ्या हट्टाला शाळेत सगळे हसत असत, आणि मी त्या हसण्याकडे कानाडोळा करत असे.

त्या वर्षी नववीत एक मुलगी होती. कोराडीहून बसने यायची. वडील वीजकेंद्रात कंत्राटी कामावर. वर्गात तोंड उघडायची नाही, चित्रही बेताचंच काढायची. मी सुताच्या लडी वाटल्या तेव्हा तिने आपल्या वाटणीच्या घरी नेल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालून ठेवल्या. त्यांच्याकडे वीजकेंद्राची राख उडायला लागली की बाया धावत जाऊन कपडे आत घेतात. हिने लडी बाहेरच राहू दिल्या. संध्याकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडायची, म्हणजे राख चिकटून बसते. काही लडी आठवड्याने काढल्या, काही महिन्याने, काही सगळा हिवाळा तिथेच लटकत होत्या. आई रोज ओरडायची की घरात आधीच कमी घाण आहे का.

त्या लडींतून तिने जे विणलं ते माझ्या वर्गात आजवर झालं नव्हतं. वर पांढरं, घट्ट, दाट. खाली येता येता मळत जाणारं, सैल होत जाणारं, आणि शेवटी विणकाम संपून नुसते करडे धागे जमिनीपर्यंत लोंबत सोडलेले. दुरून पाहिलं तर भिंतीवर काहीतरी सावकाश खाली बसतं आहे असं वाटे. मी जवळ जाऊन ते करडे धागे निरखत राहिले. मग तिनेच सांगितलं, "आमच्या इकडची हवा हाये, मॅडम. अशीच येते, वरून खाली."

पालकसभेला तिचे वडील आले. साधा, सरळ माणूस. म्हणाले, "हिले दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे म्हणते. मले त्यातलं समजत नाही, मॅडम. पण हे तं विणकाम झालं, चित्र थोडी आहे? प्रदर्शनात चित्रांमध्ये लागू द्या, परीक्षकानं नंबर दिला तं जाऊ देईन. नाही तं घरापाशी शिवणक्लास आहेच." ती शेजारी उभी होती. वडिलांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. त्या नजरेनंतर माझ्याकडे माघार घ्यायची सोय उरली नाही.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात चित्रांचं दालन वेगळं आणि हस्तकलेचं टेबल वेगळं, अशी आमच्याकडची रीत. ते विणकाम दालनातच लागेल, म्हणून मी मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "लावा, तुम्हाला पाहिजे तिथे लावा." मी दोन मजबूत खिळे ठोकले, स्वतः स्टुलावर चढून ते टांगलं आणि खाली पट्टी लावली. मुलीचं नाव, वर्ग, माध्यम: सूत आणि राख. ती ते वाचून हसली. तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मग संमेलनाच्या आदल्या दोन दिवसांसाठी मला प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता शिक्षणात कलेचं स्थान. पंख्याखाली बसून आम्ही पडद्यावरचे मुद्दे उतरवून घेतले आणि चहाबरोबर सामोसे खाल्ले.

संमेलनाच्या सकाळी दालनात आले तर भिंतीवर दोन खिळे आणि खाली पट्टी. बस. मला वाटलं, पडलं असेल. खाली पाहिलं, टेबलांमागे पाहिलं. तेवढ्यात कार्यानुभवाच्या बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि माझा चेहरा बघून हसल्या.

"काहून घाबरली वं? मीच नेलं होतं. सर म्हणाले, दरवेळी बाजारातून शाल आणतो, या टायमाले पाहुण्याले पोरीनं विणलेलीच शाल घालू. केवढं नाव होईल शाळेचं. पण किती मळकं होतं ते, माय! घरी नेऊन पावडरमध्ये भिजवलं. पाणी बदलून बदलून थकली मी, काळंच निघून राहिलं होतं. आता पाह्य, कसं पांढरंशुभ्र झालं. अन् खालचे दोरे सारे सुटलेले होते, ते कापून गोंडे बांधले."

त्या शाबासकीची वाट पाहत होत्या. दुष्टपणाने कोणी केलं असतं तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. या बाईने आपल्या घरची पावडर, आपला वेळ, आपली माया त्यात घातली होती.   

मुख्याध्यापकांकडे गेले. ते फुलांच्या हारांवरून कोणालातरी झापत होते. मी म्हटलं, सर, ते मुलीचं चित्र होतं. ते म्हणाले, "चित्र काय मॅडम, कापड आहे. आणि भिंतीवर लटकवण्यापेक्षा सन्मान झाला ना त्याचा? प्रसंग तरी पाहा, पाहुणे येऊन राहिले." पाहुणे आलेच. मिहान प्रकल्पाकडे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे गृहस्थ, शाळेला पाण्याची टाकी दिलेले. पांढरी गाडी, पांढरे बूट. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं, पण या प्रकरणात त्यांचा काही दोष नव्हता. गूळ त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

शाल घालायला मुलीलाच बोलावलं. तिला आधी सांगितलं नव्हतं. सरप्राइज होतं म्हणे. ती मंचावर आली, ताटातली घडी तिच्या हातात दिली गेली. तिने ती ओळखली नाही, हे मला लांबून दिसलं. मग घडी उलगडताना तिची बोटं विणीवरून फिरली आणि थांबली. निवेदक माइकवर सांगत होता की आमच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या हातांनी विणलेली ही शाल. तिने ती त्यांच्या खांद्यांवर घातली, वाकून नमस्कार केला, फोटोसाठी उभी राहिली. टाळ्या पडल्या. तिचे वडील मधल्या रांगेत उठून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

परीक्षक तोवर दालनातून फिरून गेले होते. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "त्या खिळ्यांवर काही होतं का?" मी म्हटलं, होतं, आता मंचावर खांद्यावर आहे. त्यांना तो विनोद वाटला.

संध्याकाळी वडील भेटायला आले. "मॅडम, तुमचे लय उपकार झाले. एवढ्या मोठ्या साहेबाच्या अंगावर माह्या पोरीची शाल. आता ठरलं, शिवणक्लासच लावतो हिले. हात आहे पोरीत." मी बोलायला तोंड उघडलं. मागे उभी असलेली मुलगी हलकेच मान हलवून नाही म्हणाली. मी वडिलांना फक्त नमस्कार केला.

पाहुणे शाल खुर्चीवरच टाकून गेले. सगळेच टाकून जातात. शिपायाने नेहमीप्रमाणे घडी करून ती कपाटात ठेवली, पुढच्या पाहुण्यासाठी. शाळेच्या ग्रुपवर मंचावरचा फोटो आला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कौतुकास्पद, कौतुकास्पद. मी कपाटातून ती बाहेर काढली आणि मुलीला द्यायला गेले. तिने नाकाशी नेऊन वास घेतला, पावडरचा. मग परत माझ्या हातात दिली. म्हणाली, "राहू द्या शाळेतच."

त्यानंतर तिने सुताला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते? नववीची दहावी झाली. पुढच्या प्रदर्शनाला तिने पोस्टर रंगांतलं एक चित्र आणून दिलं. बर्फाचे डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, होडीत कोणी नाही. मोबाइलवर बघून रेघ न् रेघ उतरवलेलं. जिथे कोळशाच्या ट्रकांनी रस्ता काळा झालेला असतो, त्या गावच्या मुलीने काढलेला तो निळा बर्फ पाहून मला तिचा नाही, आम्हा सगळ्यांचा वीट आला. परीक्षकांनी एकमताने पहिला नंबर दिला. मुख्याध्यापकांनी ते फ्रेम करून आपल्या खोलीत लावून घेतलं, खुर्चीच्या बरोबर मागे. वडिलांनी पेढे वाटले आणि शब्द पाळला. चित्रकलेच्या कॉलेजात जायला त्यांची आता हरकत नव्हती.

तिला हवं होतं ते मिळालं होतं, म्हणून मी काही बोलायला नको होतं. पण निरोपाच्या दिवशी ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भेटली आणि माझ्याने राहवलं नाही. उघड्या दारातून ते चित्र दिसत होतं. मी विचारलं, "काहून काढलं वं हे?"

तिने दारातून त्या चित्राकडे पाहिलं.

"त्याले काच आहे, मॅडम," ती म्हणाली. "कोणी धुवत नाही."